'रोत्तामातोरे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : मात्तेओ रेंत्सी या इटालियन नेत्यावरचा लेख मराठीत आणायचा आहे. इटलीत त्याला 'रोत्तामातोरे' म्हणत. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याचं 'डेमोलिशन मॅन' केलं. मग मराठीत 'विध्वंसक' लिहावं की 'भंगारवाला'? आणि 'तरुण सुधारक' हे बिरुद त्याला चालेल का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर 'मोडीत काढणारा' असं आहे. शब्द थोडा लांब होतो खरा, पण याच्याइतका चपखल दुसरा सापडणार नाही.

इटालियनमध्ये 'रोम्पेरे' म्हणजे मोडणे, 'रोत्तो' म्हणजे मोडलेला आणि 'रोत्तामे' म्हणजे मोडका, वजनावर विकला जाणारा माल. त्यावरून 'रोत्तामारे' हे क्रियापद झालं आणि ते करणारा तो 'रोत्तामातोरे'. आता आपल्याकडे पाहा. मोडणे या धातूवरून 'मोड' (ती मोड, मटकीला येतो तो मोड वेगळा), आणि त्यावरून मोडीत घालणे, मोडीत काढणे, मोडीत निघणे. दोन्ही भाषांनी आपापल्या घरी बसून शब्द घडवले, पण वाट एकच धरली.

हा शब्द इटलीत घराघरांत पोचला तो 1997 मधल्या सरकारी योजनेमुळे. रोमानो प्रोदी पंतप्रधान होते. दहा वर्षांहून जुनी गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर सूट घ्या, अशी ती योजना. तिचं नाव 'रोत्तामात्सिओने'. म्हणजे हा शब्द इटालियन माणसाने ऐकला तोच मुळी 'जुनं द्या, नवं घ्या' या अर्थाने. विध्वंसात हे देणंघेणं नाही. तिथे पाडून झालं की संपलं. 'मोडीत' मात्र ते पुरेपूर आहे. जुनी पितळी भांडी मोडीत देऊन नवी घेतलेली घरं महाराष्ट्रात असंख्य आहेत. 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी धोरण आणलं, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनीही 'वाहने मोडीत काढण्याचे धोरण' असंच लिहिलं. इटलीतला 1997 चा अर्थ त्यात जसाच्या तसा आहे.

मग तो माणसांना कसा चिकटला? ऑगस्ट 2010 मध्ये रेंत्सीने 'ला रेपुब्लिका' या दैनिकाला मुलाखत दिली. तो तेव्हा पस्तिशीचा, फ्लॉरेन्सचा महापौर. आपल्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे सगळे ज्येष्ठ पुढारी आता मोडीत काढले पाहिजेत, असं त्याने उघड म्हटलं, आणि शब्द वापरला तो 'रोत्तामारे'. नोव्हेंबरात पिप्पो चिवाती या दुसऱ्या तरुण नेत्याबरोबर त्याने फ्लॉरेन्सच्या लेओपोल्दा या जुन्या रेल्वे स्टेशनात मेळावा भरवला. मेळाव्याचं नावही स्टेशनाला साजेसं होतं, 'पुढचं स्थानक इटली'. 1848 चं हे स्टेशन. तिथे गाड्या यायच्या केव्हाच थांबल्या, पण वास्तू कुणी पाडली नाही. पुढे 'लेओपोल्दा' हे रेंत्सीच्या गटाचंच दुसरं नाव होऊन बसलं.

या शब्दाने पक्षातले ज्येष्ठ इतके का दुखावले, हे समजायला सराफाच्या पेढीवर जावं लागतं. जुना गोठ किंवा पाटली मोडीत दिली की सराफ ती तोलतो, घट वजा करतो आणि उरलेल्या सोन्याचा भाव देतो. तो दागिना घडवताना मोजलेली घडणावळ हिशेबात येत नाही, ती बुडते. मास्सिमो दालेमा माजी पंतप्रधान, वाल्तेर वेल्त्रोनी रोमचे माजी महापौर आणि पक्षाचे पहिले सचिव (तिथे पक्षाचा प्रमुख तोच). कम्युनिस्ट पक्षाच्या शाळेत घडलेली, तीसचाळीस वर्षं संघटना बांधलेली ही माणसं. पस्तिशीतला सहकारी त्यांना 'निवृत्त व्हा' म्हणाला असता तर ते रागावले असते इतकंच. 'मोडीत निघा' म्हणण्यात 'तुमची घडणावळ आम्ही धरत नाही' हे आलं. हा डंख 'विध्वंसक'मध्ये नाही. आणि 'भंगारवाला' शब्दात रोख नेत्यांवरून उडून रेंत्सीवरच येतो. शिवाय तो एका कष्टाच्या धंद्याचं नाव आहे, ते असं वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

शब्द परिणामकारक ठरला, हेही लेखात यायला हवं. 2012 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत रेंत्सी पिएर लुइजी बेर्सानींकडून हरला. तरी 2013 च्या संसदीय निवडणुकीला दालेमा आणि वेल्त्रोनी दोघेही उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात सुमारे 68 टक्के मतं घेऊन रेंत्सी पक्षाचा सचिव झाला आणि 22 फेब्रुवारी 2014 ला पंतप्रधान. वय 39, एकसंध इटलीच्या इतिहासातला सर्वांत तरुण पंतप्रधान. मुसोलिनीही पंतप्रधान झाला तेव्हा 39 चाच होता, पण रेंत्सी त्याच्याहून काही आठवड्यांनी लहान भरला. मंत्रिमंडळात निम्म्या स्त्रिया होत्या. मे महिन्यात युरोपीय निवडणुकीत पक्षाला 40.8 टक्के मतं पडली.

मागची हकीकत थोडक्यात देता येईल : 1975 चा जन्म, बालपण आर्नो नदीकाठच्या रिन्यानो गावात, स्काउट चळवळीतली जडणघडण, एकोणिसाव्या वर्षी टीव्हीवरच्या शब्दकोड्याच्या खेळात जिंकलेले 4 कोटी 80 लाख लिरा, कायद्याची पदवी, 2004 पासून फ्लॉरेन्स प्रांताचं अध्यक्षपद. कम्युनिस्ट परंपरेशी त्याचं नातं नव्हतं. तो कॅथलिक मध्यममार्गी पक्षांतून आला होता. हे सांगितल्याशिवाय दालेमा-वेल्त्रोनींवरचा रोख वाचकाला नीट कळणार नाही.

लेखात आणखी एक शब्दप्रयोग हमखास येईल, म्हणून विचारला नसला तरी सांगून ठेवतो. जानेवारी 2014 मध्ये, एन्रिको लेत्ता पंतप्रधान असताना, रेंत्सीने जाहीरपणे त्यांना 'स्ताई सेरेनो' म्हटलं, म्हणजे निश्चिंत राहा, तुमची खुर्ची कुणी घेत नाही. महिनाभरात पक्षाच्या बैठकीने लेत्तांना जायला लावलं. इटलीत पंतप्रधान बदलताना मावळता पंतप्रधान नव्याच्या हाती मंत्रिमंडळाच्या बैठकीची छोटी घंटा देतो. लेत्तांनी ती दिली, पण रेंत्सीच्या डोळ्यांत पाहिलं नाही. काही क्षणांत तो समारंभ उरकला. तेव्हापासून इटलीत कुणी 'स्ताई सेरेनो' म्हणालं की ऐकणारा सावध होतो. मराठीत मी 'बिनघोर राहा' लिहीन. 'काळजी करू नका' फार रोजचं आहे. त्याने वाचकाचे कान टवकारणार नाहीत.

आता 'सुधारक'. हा शब्द मराठीत मोकळा नाही. 1888 मध्ये आगरकरांनी पत्राला हे नाव दिलं तेव्हापासून त्यात विधवाविवाह, संमतिवय, स्त्रीशिक्षण आणि त्यासाठी सोसलेला लोकांचा रोष, हे सारं भरलेलं आहे. इटालियन 'रिफोर्मिस्ता'चं वजन वेगळं आहे. तो समाजवादी चळवळीतल्या भांडणातून आलेला शब्द : क्रांती हवी म्हणणारे एका बाजूला आणि संसदेतून पायरीपायरीने बदल घडवू म्हणणारे फिलिप्पो तुराती दुसऱ्या बाजूला. 1922 मध्ये तुराती आणि त्यांचे सहकारी समाजवादी पक्षातून काढले गेले ते याच भांडणात. म्हणून रेंत्सीसाठी 'सुधारणावादी' लिहावं. त्याचे कायदेही तसेच होते. कामगाराला कामावरून काढण्यावर 1970 च्या कायद्याने घातलेली बंधनं सैल करणारा कायदा (इटलीतही त्याला 'जॉब्स अ‍ॅक्ट' असं इंग्रजीच नाव पडलं), कमी पगारदारांना महिना 80 युरोची सूट, 2016 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता. यातल्या शेवटच्या कायद्यापुरतं कुणी 'सुधारक' लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. कामगार कायद्याबद्दल लिहिलं तर जरूर घेईन, कारण इटलीतल्या कामगार संघटना त्याला सुधारणा मानायलाच तयार नव्हत्या.

शेवटी 'मोडीत काढणारा' या प्रतिशब्दाची खरी कसोटी. 4 डिसेंबर 2016 ला रेंत्सीने घटनादुरुस्तीवर सार्वमत घेतलं. सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, 100 जणांची करून तिचे अधिकार कमी करायचे होते. हरलो तर जाईन, असं तो म्हणून बसला होता. सुमारे 59 टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं आणि तो पायउतार झाला. लगेच 'रोत्तामातोरे रोत्तामातो' हा शब्दखेळ सुरू झाला. मराठीत तो फुकट मिळतो : मोडीत काढणाराच मोडीत निघाला. काढणे-निघणे ही जोडी आपल्या वाक्प्रचारात आधीपासून तयार आहे. 'विध्वंसकाचाच विध्वंस झाला' हे मात्र जड आणि खोटंही, कारण रेंत्सी संपला नाही. 2019 मध्ये त्याने 'इतालिया व्हिवा' हा छोटा पक्ष काढला आणि जानेवारी 2021 मध्ये आपले मंत्री काढून घेऊन जुझेप्पे कोंतेंचं सरकार अडचणीत आणलं; त्यातूनच मारिओ द्रागी पंतप्रधान झाले.

नावाचं लेखनही विचारात घ्या. आपल्याकडे 'रेन्झी' छापतात. इटालियन उच्चार 'रेंत्सी' आहे. 'रोत्तामातोरे'त पहिला त जोडाक्षर, दुसरा साधा, आणि आघात 'तो'वर. लेखात हा शब्द पहिल्यांदा मूळ रूपात देऊन पुढे सर्वत्र 'मोडीत काढणारा' वापरला तर वाचक अडखळणार नाही.