टॉप-अपवर सही करण्याआधी हे वाचा (निफ्टची फी आणि शिक्षणकर्ज)

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनी डोकेदुखी परत उठली. लेकीला निफ्टच्या (केंद्र सरकारची फॅशन टेक्नॉलॉजीची राष्ट्रीय संस्था) खारघर कॅम्पसला बी. डिझाइनची जागा लागली आहे, फी भरायला मोजके दिवस उरलेत, आणि इचलकरंजीतल्या शाखेतले साहेब म्हणताहेत, "एज्युकेशन लोनला फार वेळ लागतो, त्यापेक्षा घरावर टॉप-अप घ्या, आठवड्यात पैसे खात्यात." शिवाय तुमच्या मिस्टरांना वाटतंय की एवढी यातायात करण्यापेक्षा पुण्यातला तो खासगी 'फॅशन डिझाइन अँड मर्चंडायझिंग' कोर्स बरा. परीक्षा, सिच्युएशन टेस्ट, कौन्सेलिंग हे सगळं तुमचं पार पडलंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. सरळ बँकेवर येतो.

टॉप-अप (म्हणजे घराच्या चालू कर्जावरच वाढवून घेतलेलं कर्ज) घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी त्या कागदावर सही करू नका.

आमच्या वेळीही एका सरकारी बँकेच्या शाखेने हाच सल्ला दिला होता. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण निम्म्या शाखा असंच वागतात. शिक्षणकर्जाचे हप्ते पाच वर्षांनी सुरू होणार, तोवर साहेबांची बदली झालेली असते आणि कर्ज थकलं तर ठपका शाखेवर. घरावरचं कर्ज त्यांच्या दृष्टीने सुरक्षित, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. म्हणून ते गोड बोलून तिकडे वळवतात. तुम्ही मात्र यात तीन गोष्टी गमावता. पहिली, शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत. दुसरी, आयकरात शिक्षणकर्जाच्या व्याजाची 'कलम ८०ई' म्हणून ओळखली जाणारी वजावट (ती जुन्या कररचनेतच मिळते, हे लक्षात ठेवा). तिसरी आणि सगळ्यात महागाची, व्याजावरचं सरकारी अनुदान. कर्ज 'शिक्षणकर्ज' म्हणून नोंदलेलं नसेल तर अनुदानाचा दावाच जात नाही, आणि मागाहून खातं बदलून मिळत नाही.

आता अनुदानाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर फी आणि इतर खर्चासाठी तारण नको, जामीनदार नको. केंद्र सरकारच्या संस्था या यादीत येतात, तरी पोर्टलवर कॅम्पसचं नाव शोधून त्या पानाची प्रिंट काढून घ्याच. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता न भरण्याच्या काळात (शिक्षण अधिक एक वर्ष) ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते (दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत चालू नसेल तर, आणि दरवर्षीची लाभार्थीसंख्या मर्यादित आहे). साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर जुन्या केंद्रीय योजनेत त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. दोन्हीकडे उत्पन्नाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणजे आपल्याकडे तहसीलदारांचा. नुसतं आयटी रिटर्न दाखवून भागत नाही. सेतूत अर्ज आजच टाका.

मग शाखा घर का मागते? सरकारची ७५ टक्के हमी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जालाच आहे. त्यावरची रक्कम दिसली की शाखेला धडकी भरते. मग एकतर घराचे कागद मागतात, नाहीतर "साडेसातच करू, पटकन होईल" म्हणतात. हे दुसरं जास्त घातक. चार वर्षांची फी साडेसातात बसत नाही, आणि तिसऱ्या वर्षी वाढीव रक्कम मागायला गेलात की सगळी फाइल नव्याने.

तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. शाखेत तोंडी दिलेल्या नकाराला काडीचा पुरावा नसतो. अर्ज पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, त्याचा क्रमांक घ्या, मगच प्रिंट घेऊन शाखेत जा. पोर्टलवरचा अर्ज नाकारायचा तर कारण नोंदवावं लागतं. "तुमचं घर आमच्या सर्व्हिस एरियात येत नाही" हे कारण रिझर्व्ह बँकेला मान्य नाही. ते ऐकू आलं तर शांतपणे म्हणा, "साहेब, एवढंच पोर्टलवर लिहा." बहुतेक वेळा सूर बदलतो. नाही बदलला तर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालांकडे जा. पण लोकपाल तुमच्या फीच्या तारखेसाठी थांबणार नाहीत, म्हणून दुसऱ्या बँकेतही चौकशी समांतर चालू ठेवा. मोठ्या शहरांतल्या काही शाखांत शिक्षणकर्जाचा वेगळा कक्ष असतो. कोल्हापूरला विचारून बघा, त्यांना निफ्ट म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही.

राहिली आत्ताची फी. ती कर्जाची वाट बघणार नाही, आणि शाखा म्हणणार "आधी प्रवेशाची पावती आणा." माझं मत (कोणी असहमत असेल तर जरूर लिहा): फक्त पहिल्या सत्रापुरते पैसे एफडीवर किंवा सोन्यावर उचला. पण भरताना जो पालक सहकर्जदार होणार आहे त्याच्याच खात्यातून ऑनलाइन भरा. मामाच्या खात्यातून किंवा एजंटच्या कार्डावरून भरलेत तर बँक पुढे परतफेड द्यायला खळखळ करते. कर्जाच्या अर्जातच 'पहिल्या सत्राची भरलेली फी सहकर्जदाराच्या खात्यात परत' अशी ओळ लिहा. भरलेली फी किती दिवसांपर्यंत परत देतात, हा नियम बँकेगणिक वेगळा आहे, तो लेखी विचारा.

रक्कम किती मागायची, इथे बहुतेकांची फसगत होते. शाखेतला माणूस या सत्राची फी घेतो, आठाने गुणतो, झालं. फी दरवर्षी वाढते. समजा पहिल्या वर्षी सत्राला दीड लाख, म्हणजे वर्षाला ३ लाख, आणि दरवर्षी ५ टक्के वाढ. चार वर्षांची बेरीज १२ लाख नाही, १२ लाख ९३ हजार होते. १० टक्के वाढ धरली तर १३ लाख ९२ हजार. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे माहितीपत्रकातल्या तक्त्यावरून काढा. वर वसतिगृह, लॅपटॉप, आणि डिझाइनचं स्वतःचं सामान: कात्र्या, फ्रेंच कर्व्ह, ट्रेसिंग व्हील, रंग, आणि ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड लपेटून कपड्याला आकार देणं) शिकताना ताग्याने संपणारा मांजरपाट. शेवटच्या सत्रात ग्रॅज्युएशन प्रोजेक्ट असतो. स्वतःचं कलेक्शन करायचं ठरलं तर कापड, शिलाई, फोटोशूट हा खर्च फीच्या तक्त्यात कुठेच नसतो. पुस्तकं, साधनं, संगणक, अभ्यासदौरे, प्रोजेक्ट हे सगळं शिक्षणकर्जात ठरावीक मर्यादेत बसतं, पण मंजुरीच्या वेळी लिहिलेलं असेल तरच. परत मिळणारी अनामत मात्र साधारण एकूण फीच्या १० टक्क्यांपर्यंतच धरतात.

४ लाखांवरच्या कर्जात बँका सहसा ५ टक्के मार्जिन मागतात, म्हणजे बँक फीचा जो हप्ता देईल त्यातलं तेवढं तुमच्या खिशातून. ते एकरकमी आधी भरायचं नसतं, सत्रागणिक भरायचं असतं, आणि शिष्यवृत्तीही त्यात धरता येते. शाखेने सगळं आधी मागितलं तर बँकेच्या योजनेचा कागद दाखवायला सांगा.

व्याजाचा हिशोबही एकदा मांडा. सत्राला दीड लाख, बँकेने दिलेले फीचे आठ हप्ते, १० टक्के सरळव्याज, शिक्षण अधिक एक वर्ष. पहिल्या हप्त्यावर पाच वर्षांचं व्याज, शेवटच्यावर दीड वर्षाचं. एकूण ३ लाख ९० हजार. म्हणजे १२ लाखांचं कर्ज परतफेड सुरू होताना १५ लाख ९० हजार झालेलं असतं. जमत असेल तर व्याज महिन्याच्या महिन्याला भरा, बऱ्याच बँका त्याबद्दल दरात १ टक्का सूट देतात. मुलींसाठी अर्धा टक्का वेगळा असतो, तो मागितल्याशिवाय काही शाखा लावत नाहीत. फक्त एक मेख: ८०ईची आठ वर्षं पहिलं व्याज भरलं त्या वर्षापासून मोजतात. उत्पन्न करपात्र नसताना व्याज भरायला लागलात तर त्यातली काही वर्षं फुकट जातात.

जाता जाता, ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधून जागा असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना ते बघा. राज्याच्या नमुन्यातलं तीन वर्षं चालणारं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र कागदपत्रांच्या तपासणीत अडकवतं. मराठा समाजासाठीचं राज्याचं एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आरक्षण केंद्रीय संस्थेत चालत नाही. तिथे ईडब्ल्यूएस किंवा, कुणबी दाखला असेल तर, ओबीसी. अनुसूचित जातीच्या मुलांनी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आधी बघावी, कर्ज नंतर. मुलींच्या मोफत शिक्षणाची राज्याची योजना राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रक्रियेतल्या) प्रवेशांसाठी आहे, निफ्टला ती धरून चालू नका.

मिस्टरांच्या मुद्द्याबद्दल. मर्चंडायझिंग म्हणजे दुकानात कपडे मांडणं नव्हे. बायरच्या टेक पॅकवरून (कपड्याचं तपशीलवार सूचनापत्र) कापडाचा खप काढणं, लॅब डिप (रंगाचा नमुना), फिट सॅम्पल (मापाचा नमुना), पीपी सॅम्पल (उत्पादनाआधीचा नमुना) मंजूर करून घेणं, बटणं-लेबलं वेळेत आणणं, एफओबी भाव (माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) बसवणं आणि माल ठरल्या दिवशी जहाजावर चढवणं. डोकं हिशोबी लागतं. लेकीला हेच आवडत असेल तरी बी. डिझाइन वाया जात नाही. पुढे निफ्टचाच दोन वर्षांचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट आहे, आणि त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, अगदी बी.कॉम.सुद्धा. म्हणून निव्वळ मर्चंडायझिंगसाठी आत्ताच महागडा खासगी कोर्स मला पटत नाही. निफ्टला २००६ च्या कायद्याने स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आहे. त्या खासगी संस्थेची पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, की नुसता परदेशी नावाचा डिप्लोमा आहे, हे त्यांच्या लेटरहेडवर मागा. मान्यता नसेल तर शिक्षणकर्जाची आशाच सोडा. पत्र मिळालं तर नावगाव झाकून इथे टाका, वाचून सांगतो. आणि शाखेचे साहेब काय म्हणाले तेही कळवा, पोर्टलचा क्रमांक हातात आल्यावरचं.