ड्यूटेरॉनखेरीज दोन बेरिऑनांचा आणखी एखादा कण खरोखर सापडला आहे का?

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून झालेला ड्यूटेरॉन सोडला, तर दोन बेरिऑनांचा (बेरिऑन म्हणजे प्रोटॉनसारखा तीन क्वार्कांचा कण), म्हणजेच सहा क्वार्कांचा दुसरा कण प्रयोगात मिळाला आहे का, आणि मिळाला असल्यास त्यावर विश्वास ठेवावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अशा दाव्यांपैकी एकच खरा वजनदार आहे, तो म्हणजे जर्मनीतील युलिश येथे कोझी या त्वरकावरील (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावरील) वासा या शोधकाने, म्हणजे टकरीतून निघालेले कण टिपणाऱ्या उपकरणाने, नोंदवलेला डी-स्टार (२३८०).

त्याचे भाकीत जुने आहे. डायसन आणि श्वाँग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४ साली सुमारे २३५० एमईव्ही (कणांचे वस्तुमान मोजण्याचे ऊर्जेचे एकक) वस्तुमानाचा, ३ स्पिनचा (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग) असा कण असावा असे सांगितले होते. पुढच्या दोन दशकांत अशा द्विबेरिऑनांचे, म्हणजे दोन बेरिऑनांच्या कणांचे, अनेक दावे झाले आणि अधिक चांगली मोजमापे हाती येताच ते विरून गेले, त्यामुळे हे क्षेत्र ताकही फुंकून पिते.

वासाने गोठवलेल्या ड्यूटेरियमच्या सूक्ष्म गोळ्यांवर प्रोटॉनांचा झोत सोडला. मोकळ्या न्यूट्रॉनांचे लक्ष्य बनवता येत नाही, म्हणून ड्यूटेरॉनमधल्या न्यूट्रॉनलाच लक्ष्य मानायचे आणि त्याच्या सोबतचा प्रोटॉन निव्वळ प्रेक्षक राहिला असे धरायचे, अशी ही युक्ती आहे. टकरीतून ड्यूटेरॉन आणि दोन उदासीन (विद्युतभार नसलेले) पायॉन हे हलके कण बाहेर पडतात, प्रत्येक पायॉन दोन प्रकाशकणांत मोडतो, आणि हे चारही प्रकाशकण पकडल्यावर घटना पुरी जुळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अशा घटनांच्या आलेखात २३७० एमईव्हीच्या आसपास जेमतेम ७० एमईव्ही रुंदीचा उंचवटा दिसला; रुंदी जितकी जास्त तितका कण लवकर मोडतो. हा कण दोन डेल्टांचा (डेल्टा म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनचा जड, अल्पायुषी भाईबंद) मानला, तर दोन डेल्टा कणांचे एकत्र वस्तुमान २४६४ एमईव्ही भरते आणि एकट्या डेल्टाचीच रुंदी सुमारे ११७ एमईव्ही असते, हे लक्षात घेतले की एवढा अरुंद उंचवटा किती चमत्कारिक आहे ते कळते.

नुसत्या उंचवट्यावर मात्र मी विसंबलो नसतो. खरा कण प्रोटॉन-न्यूट्रॉनमधून बनत असेल, तर त्याने पुन्हा प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्येही मोडले पाहिजे, म्हणजे त्या दोघांच्या साध्या स्थितिस्थापक टकरीतही त्याची खूण उमटली पाहिजे. ती खूण इतकी पुसट असते, की स्पिन एका दिशेला वळवलेले कण वापरल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून या वेळी उलट मांडणी केली गेली आणि ध्रुवित ड्यूटेरॉनांचा झोत हायड्रोजनवर सोडला गेला. ती मोजमापे आंशिक तरंगांच्या विश्लेषणात (टकरीचे स्पिन आणि कोनीय संवेगानुसार वेगवेगळे भाग पाडण्याच्या पद्धतीत) घातल्यावर, अपेक्षित स्पिनच्या भागातच २३८० एमईव्हीजवळ ध्रुव, म्हणजे खऱ्या कणाची गणिती खूण, मिळाला. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

वाद तरीही मिटलेला नाही. हा सहा क्वार्कांचा घट्ट गोळा आहे की दोन डेल्टांची सैलसर जोडी, यावर मतभेद आहेत. शिवाय २०२१ साली सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ ओसेट आणि सहकाऱ्यांनी एकामागून एक दोन पायॉन निर्माण होण्याच्या प्रक्रियेतूनच हा उंचवटा उभा राहतो, नव्या कणाची गरज नाही, असे मांडले. त्यामुळे जर्मनीतील माइन्झ येथे प्रकाशकणांच्या झोताने ड्यूटेरॉन फोडून जो शोध घेतला जातो तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे सुरुवात प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या टकरीने होत नाही.