काही निघालं तर?

"मॅडम, तपासणी केली आणि काही निघालं तर?" फुप्फुसांच्या कर्करोगाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले एक गृहस्थ आठवतात. साठी ओलांडलेले, छापखान्यातून निवृत्त. तीस वर्षं रोज सिगारेटचं एक पाकीट, अलीकडेच सोडलेलं. डॉक्टरांनी लो-डोस सीटी स्कॅन, म्हणजे कमी किरणांत छातीचे बारीक छेद दाखवणारी तपासणी, सुचवलेला. तो कागद चार घड्या घालून खिशात.

"एक्स-रे क्लिअर आहे माझा," ते म्हणाले. एक्स-रेत लहान गाठ निसटू शकते. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांची एक्स-रे आणि लो-डोस सीटी अशी तुलना झाली. २०११ साली निष्कर्ष आला, की सीटीमुळे या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. हे मी त्यांना नंतर सांगितलं. आकडे ऐकायला आधी मन मोकळं लागतं.

"निघालं तर काय होईल?" मी विचारलं.

"संपलंच."

"नेमकं काय संपेल?"

ते कागद चाचपत राहिले. "लोक म्हणतील, स्वतःच ओढवून घेतलं. खरंच आहे ते. पोरीचा पैसा कशाला घालवू?"

घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण जे मनाशी घोकतो तेच जास्त छळतं, असं मी मानते. हा माणूस आजाराला भीत होता, पण त्याहून जास्त स्वतःला शिक्षा देत होता.

"तुमच्या छापखान्यातल्या बिड्या ओढणाऱ्या सोबत्याला दम लागला, तर 'भोग आता' म्हणाल?"

"छे! रिक्षात घालून नेईन."

"मग तुमच्यासाठी रिक्षा का नाही?"

ते हसले, मग डोळे पुसले. हा प्रश्न मला सुचला याचा आजही आनंद वाटतो.

अमेरिकेतली शिफारस अशी: वय ५० ते ८०, रोज एक पाकीट याप्रमाणे निदान २० वर्षं धूम्रपान, आणि सवय चालू किंवा सोडून १५ वर्षांच्या आत, अशांनी वर्षातून एकदा स्कॅन करावा. आपल्याकडे अशी राष्ट्रीय मोहीम नाही, म्हणून छातीच्या डॉक्टरांना विचारावं. जुन्या क्षयाचे व्रणही स्कॅनमध्ये दिसतात आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे आधीच ऐकलेलं बरं. तीन आठवड्यांवर खोकला किंवा थुंकीत रक्त असेल, तर धूम्रपान असो-नसो, सरळ दवाखाना गाठायचा.

त्यांची निघाली चार मिलिमीटरची गाठ. डॉक्टर म्हणाले, वर्षाने पुन्हा पाहू.

मुलीला मात्र वेगळं बसवावं लागलं. 'तरी मी सांगत होते' हे वाक्य घरात बंद, म्हटलं. ती ओशाळली. "ते तर मी रोज म्हणते."