किंगमेकर सुरू करतोयस? आधी हे वाच

पाथफाइंडर किंगमेकर या कॉम्प्युटरवरच्या रोल-प्लेइंग गेमबद्दल लोक भांडतात ते उगाच नाही, 2018 ला आला तेव्हा बग्जनी भरलेला होता आणि टेबलटॉपचे (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या मूळ पाथफाइंडर खेळाचे) नियम समजावून न सांगता अंगावर टाकतो. पण कथा आणि सोबती भारी आहेत, त्यामुळे घाबरू नकोस.

सुरुवातीला एवढंच बघ:

- डिफिकल्टी बिनधास्त कमी कर. नॉर्मलसुद्धा नवख्याला रडवतं, आणि ती मधेच बदलता येते.
- टर्न-बेस्ड मोड (लढाईत प्रत्येकजण आळीपाळीने चाल करतो) चालू कर. 2020 मध्ये फुकट आलाय, गेम आतल्या आत फासे टाकून वार लागला की हुकला ते ठरवतो, वार का हुकतायत ते त्यात कळतं.
- कोळ्यांच्या गुहेत घाईने घुसू नकोस! तिथल्या कोळ्यांच्या झुंडीवर तलवार-बाण जवळपास काहीच करत नाहीत, अल्केमिस्ट फायरच्या (फेकायच्या आगीच्या) बाटल्या घेऊन जा, बरेच लोक इथेच गेम सोडतात राव.
- स्टॅग लॉर्डला (सुरुवातीचा मोठा शत्रू, डाकूंचा म्होरक्या) हरवायला गेममधले 90 दिवस आहेत, पुरतात, फक्त दर लढाईनंतर झोपा काढू नकोस, त्यात दिवस जातात.

त्यानंतर स्वतःचं राज्य चालवावं लागतं, तो राज्यकारभार मला स्वतःला कंटाळवाणा वाटतो. तो ऑटोवर टाकता येतो पण एकदा टाकला की परत घेता येत नाही, त्यापेक्षा त्याची डिफिकल्टी तळाला ठेव. सेव्ह मात्र वेगवेगळे ठेवत जा. मल्टिक्लास (एकाच पात्रात दोन-तीन क्लास म्हणजे पेशे मिसळणं) वगैरे आत्ता विसर, साधा फायटर (लढवय्या) घे.