परवाना एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याचा

अमेरिकेतला गांजाचा कायदेशीर व्यापार आणि त्यातलं कृष्णवर्णीयांचं स्थान, या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : गांजाच्या कायद्याखाली ज्या कृष्णवर्णीय समाजाची सर्वात जास्त धरपकड झाली, तोच समाज आता या धंद्यात मालक म्हणून का दिसत नाही?

एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा वापरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय आणि गोरे अशा दोन्ही समाजांत जवळजवळ सारखं आहे. तरी गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीय माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्या माणसाच्या ३.६४ पट होती. कायदा बदलला म्हणून जुन्या नोंदी आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. उलट सुरुवातीच्या काही राज्यांत तीच नोंद परवान्याच्या आड आली.

दुसरी अडचण भांडवलाची. राज्यांनी परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदाच असल्यामुळे बहुतेक बँका या धंद्याला कर्ज देत नाहीत आणि छोट्या उद्योगांना मिळणारी सरकारी हमीची कर्जंही मिळत नाहीत. मग उरते घरची पुंजी, किंवा घर गहाण टाकून उभी केलेली रक्कम. ज्यांच्या आजोबांना घरासाठीच कर्ज नाकारलं गेलं, त्यांच्याकडे ही पुंजी कुठून येणार?

मेरीलँडमध्ये सुमारे ३० टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत. २०१६ मध्ये तिथे वैद्यकीय गांजा पिकवण्याचे १५ प्राथमिक परवाने जाहीर झाले, त्यांत कृष्णवर्णीय मालकीची एकही कंपनी नव्हती. विधिमंडळातल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी प्रश्न लावून धरला. केवळ सामाजिक समतेच्या निकषात (म्हणजे धरपकडीची झळ बसलेल्यांना संधी देण्यासाठीच्या अटींत) बसणाऱ्यांसाठीची परवान्यांची सोडत निघाली ती मार्च २०२४ मध्ये. तोवर आधीच्या कंपन्यांनी मोक्याच्या जागा, गिऱ्हाइकं, पुरवठादार सगळं बांधून घेतलेलं होतं.

प्रश्न : मग परवाने सरळ कृष्णवर्णीयांसाठी राखीव का ठेवत नाहीत? निकष कसे असतात?

वंशाच्या आधारावरचं आरक्षण तिथल्या न्यायालयात टिकणं फार कठीण असतं. ओहायोने २०१६ च्या कायद्यात १५ टक्के परवाने अल्पसंख्याकांसाठी ठेवले होते, ते २०१८ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. म्हणून राज्यं वस्ती, अटक आणि उत्पन्न असे निकष लावतात.

इलिनॉयमध्ये ५१ टक्के मालकी आणि ताबा अशा व्यक्तीकडे असावा लागतो, जी आधीच्या १० वर्षांपैकी ५ वर्षं धरपकडीची सर्वाधिक झळ बसलेल्या वस्तीत राहिली आहे, किंवा जिला स्वतःला अथवा जवळच्या नातेवाइकाला गांजाच्या गुन्ह्यात अटक झाली आहे. मूळ कायद्यात तिसरी वाटही होती : किमान १० पूर्णवेळ कर्मचारी ठेवा आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या निकषात बसणारे असू द्या. म्हणजे मालक कोणीही धनाढ्य, आणि पात्रता मात्र नोकरांच्या जिवावर! लोक चिडले ते योग्यच होतं. शिवाय अर्जांना गुण देताना माजी सैनिकाच्या मालकीला जादा गुण असल्याने पैकीच्या पैकी गुण मिळवायला तोच भागीदार लागे. परिणामी २०२० मध्ये ७५ परवान्यांच्या सोडतीसाठी जेमतेम २१ अर्जदार उरले, आणि पुढच्या वर्षी कायद्याची दुरुस्ती करून आणखी सोडती काढाव्या लागल्या.

निकषाइतकाच पुरावाही महत्त्वाचा. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये दिलेल्या पहिल्या दुकान-परवान्यांसाठी ३१ मार्च २०२१ पूर्वीची गांजाच्या गुन्ह्यातली शिक्षा दाखवावी लागत होती, स्वतःची किंवा जवळच्या नातेवाइकाची. तिथे अशा शिक्षा आपोआप रद्द होतात, आणि मूळ कागद नष्ट करण्यासाठी वेगळा अर्जही करता येतो. हा अर्ज घाईने करू नका. आधी ज्या न्यायालयात खटला चालला तिथल्या लिपिकाकडून निकालाचा प्रमाणित दाखला घ्या, आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, कलम व निकालाची तारीख तपासा. कागद एकदा नष्ट झाले की अन्याय झाल्याचा पुरावाही त्यांच्याबरोबर जातो.

प्रश्न : माझ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला एका गुंतवणूकदाराने ५१ टक्के मालकीचा प्रस्ताव दिला आहे. करारात काय बघावं?

५१ हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी सगळे कागद एकत्र मागून घ्या : कंपनीचा अंतर्गत करार, कर्जाचा करार, व्यवस्थापनाचा करार, जागेचा भाडेपट्टा आणि ब्रँड वापरण्याचा करार. एकेक कागद निरुपद्रवी वाटतो, फास बसतो तो पाचही एकत्र आल्यावर.

मताधिकाराचं कलम काढा. अंदाजपत्रक, नोकरभरती, बँक खातं अशा रोजच्या गोष्टींना ७५ टक्के संमती लागत असेल, तर तुमच्या सहकाऱ्याच्या हातात काहीच नाही. नकाराधिकार कंपनी विकणं, मोठं कर्ज काढणं आणि नवा भागीदार घेणं एवढ्यापुरता ठेवायला सांगा.

मग पैसे वाटपाचा क्रम. समजा गुंतवणूकदाराने १० लाख डॉलर घातले आणि १२ टक्के परतावा ‘आधी मला’ असं लिहून घेतलं. वर्षाला वाटायला दीड लाख उरले, तर १ लाख २० हजार परताव्यात जातात, उरलेले ३० हजार मुद्दलात. ५१ टक्क्यांच्या मालकाच्या हाती शून्य. त्यावर कडी म्हणजे, भागीदारी पद्धतीच्या कंपनीत नफा कागदावर त्याच्या वाट्याला दाखवला गेला, तर हातात दमडी न येता त्यावर कर भरावा लागतो. म्हणून ‘प्रत्येकाच्या कराइतकी रक्कम आधी वाटायची’ असं कलम घालायलाच हवं. ते नसेल तर सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी भांडवल मागण्याच्या कलमाला रकमेची मर्यादा घाला. पैसे भरता आले नाहीत म्हणून हिस्सा ५१ च्या खाली घसरला, तर परवान्याची पात्रताच जाते. व्यवस्थापनाची फी एकूण विक्रीवर आहे का, तेही पाहा : तोट्यातही ती वसूल होते, आणि व्यवस्थापन कंपनी बहुधा त्याच गुंतवणूकदाराची असते. शेवटचा सापळा हिस्सा विकत घेण्याच्या हक्काचा. परवाना हस्तांतरित करायची मुभा मिळताच आधीच ठरवलेल्या किरकोळ किमतीत ५१ टक्के काढून घ्यायचे, असा त्याचा अर्थ असतो.

ही नावापुरती मालकी पकडली गेली तर नुकसान परवानाधारकाचंच होतं. प्रत्यक्ष ताबा पात्र व्यक्तीकडे नाही, या कारणाने मिसूरीत छोट्या उद्योगांसाठीचे अनेक परवाने रद्द झाले. वकील सहकाऱ्याने स्वतःच्या पैशाने नेमावा. गुंतवणूकदाराचा वकील कितीही गोड बोलला, तरी त्याचं अशील दुसरंच असतं.

प्रश्न : कलम २८०ई काय आहे?

केंद्रीय आयकर कायद्यातलं हे कलम १९८२ चं. केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीतल्या अनुसूची १ आणि २ मधल्या (गांजा पहिलीत धरला गेला) पदार्थांच्या व्यापाराला त्याखाली धंद्याच्या खर्चाची वजावट मिळत नाही, फक्त मालाची किंमत वजा करता येते. दहा लाखांची विक्री, पाच लाखांचा माल, चार लाख भाडं-पगार : खरा नफा एक लाख. २१ टक्क्यांनी एरवी कर झाला असता २१ हजार. या कलमाखाली तो पाच लाखांवर लागतो, म्हणजे १ लाख ५ हजार. नफ्यातलं दुकान पाच हजारांच्या तोट्यात! कलम सर्वांना सारखंच, पण मोठी कंपनी काही वर्षं तोटा सोसू शकते आणि पहिल्या पिढीचा दुकानदार सोसू शकत नाही. मालखरेदीची बिलं आणि साठ्याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. वजावटीचा आधार तेवढाच.

प्रश्न : दुकानाची जागा घेताना काय चुकतं?

दोन गोष्टी. एक, घरमालकाच्या गहाणखतात बेकायदा वापराला मनाई असते आणि बँक भाडेपट्टाच मोडायला लावते. गहाणखत आधी वाचायला मागा. दुसरी, अंतर. न्यूयॉर्कमध्ये त्याच रस्त्यावरच्या शाळेपासून ५०० फुटांचा नियम आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियामक कार्यालयाने सांगितलं, की आपण शाळेच्या दारापासून मोजत होतो, कायद्यात मात्र आवाराच्या हद्दीपासून मोजायचं होतं. शंभरहून अधिक परवानाधारक एका रात्रीत अडचणीत आले. म्हणून सध्याच्या कायद्यात अंतर कुठून मोजायचं ते बघून परवानाधारक मोजणीदाराकडून मोजून घ्या, आणि ‘परवाना नाकारल्यास भाडेपट्टा रद्द, अनामत परत’ ही ओळ सहीआधी भाडेपट्ट्यात घाला.