मोटर खोलू देऊ नका

प्रश्न : मी देवबागला राहते. डबे पोचवायला अकरा महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका दुकानातून ४६ हजारांना बॅटरीची सायकल घेतली. मोटर मागच्या चाकातच आहे, तिला दोन वर्षांची वॉरंटी. पावसात चाक झटके देऊ लागलं, आता सायकल हलतच नाही. दुकानदाराने नुसता फोटो बघून सांगितलं, ‘पाणी शिरलंय, वॉरंटी नाही, नवी मोटर घ्या.’ मालवणचा मेकॅनिक मोटर खोलून बघतो म्हणतो. खोलू का? आणि केस केली तर कोल्हापूरला खेपा घालाव्या लागतील का?

उत्तर : ताई, खोलू नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आज त्या बंद चाकात आहे. झाकण एकदा निघालं की समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल, आतला गंज आधीचा की खोलल्यानंतरचा? त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय बहुतेक वॉरंटी कार्डांवर ‘बाहेरच्या माणसाने खोलल्यास वॉरंटी रद्द’ हे छापलेलंच असतं.

न खोलताही पुष्कळ कळतं. तुमच्या मेकॅनिकला फक्त बाहेरून तपासू द्या आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. सुरुवातीला मोटरवरचा नंबर स्पष्ट दिसू द्या. आधी चाक उचलून हाताने फिरवायचं. चाकातली (हब) मोटर गिअरवाली असेल तर उलट्या दिशेने, नाहीतर आतली मोटर फिरतच नाही. मग मोटरची वायर कंट्रोलरपासून, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला सोडणाऱ्या डबीपासून, सोडवून पुन्हा फिरवायचं. जोडलेली असताना चाक अडखळत होतं आणि सोडवल्यावर मोकळं फिरलं, तर संशय कंट्रोलरवर जातो, आणि ‘मोटरमध्ये पाणी’ हे दुकानदाराचं म्हणणं तिथेच लंगडं पडतं. सोडवूनही अडखळत असेल तर मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड तारा किंवा आतलं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

झटके देत सुरू होणं हे बऱ्याचदा हॉल सेन्सर, म्हणजे मोटर फिरून कुठे आली ते कंट्रोलरला कळवणारे सेन्सर, बिघडल्याचं लक्षण असतं. त्यांच्या पाच बारीक तारा असतात. वायर पुन्हा जोडून, सायकल चालू ठेवून, मल्टिमीटरवर लाल-काळ्या तारेत साधारण ५ व्होल्ट दिसायला हवेत. चाक हळूहळू फिरवलं की उरलेल्या तिन्ही तारा आळीपाळीने शून्याजवळ आणि पुन्हा वर जायला हव्यात. एखादी जागची हललीच नाही, तर तो सेन्सर किंवा त्याची तार गेली. हे काम मेकॅनिकच्याच हाताने होऊ द्या. मीटरची टोकं घसरून दोन तारा एकमेकींना लागल्या तर चांगला कंट्रोलरही जळेल.

वायर आसातून बाहेर पडते ती जागा मात्र तुम्ही स्वतः बघा. नट सैल राहून आस चिमट्यात (फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे) फिरला की वायर पिळवटून तुटते. तसं दिसलं तर नटाला हात लावण्याआधी फोटो काढा. तो फिटिंगचा दोष आहे, पावसाचा नाही.

पाणी खरंच शिरलं असेल तरी बाजू संपत नाही. माहितीपत्रकात मोटरचं आयपी रेटिंग, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते सांगणारा आकडा, शोधा. आयपी ५४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी न जाणं. ६७ लिहून विकलेली मोटर कोकणातल्या पावसाने बंद पडत असेल तर तो वस्तूतला दोषच. पण सायकल खाऱ्या पाण्यातून नेली असेल किंवा प्रेशर पंपाने धुतली असेल तर ते लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीचं खरंही खोटं ठरतं.

आता कायद्याचं. कोल्हापूरला जायला नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमची सिंधुदुर्गात. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘डब्यांचा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत धरलेली नाही.

दोष सिद्ध करण्याचा भार मुळात तक्रारदारावर असतो, म्हणून कलम ३८ महत्त्वाचं. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागेल. मोटर न खोलण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो आहे.

आधी दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने लिहा : मोटर न तपासता वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली ते पंधरा दिवसांत लेखी कळवा. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एवढ्यावरच पुष्कळ कंपन्या नमतात, आणि तुमच्या रकमेकडे बघता तसं मिटलं तर मला जास्त आनंद होईल. आयोगात निकालासाठी कायद्याने घातलेल्या मुदतीपेक्षा बराच जास्त वेळ जातो. कंपनीने मोटर मागवली तर ‘सीलबंद, न खोललेली’ असं लिहून घेतलेली पोच घ्या आणि तपासणी तुमच्यासमोर किंवा व्हिडिओवर व्हावी अशी अट पत्रातच घाला.

तोवर डबे थांबवू नका. तपासणीत दोष मोटरचाच निघाला तर दुसरं मोटरचं चाक बसवून घ्या आणि पक्कं बिल मागा, तो खर्च भरपाईत मागता येईल. जुनं चाक सुक्या जागी, तारांसकट, जसंच्या तसं ठेवा.