पार्लरमधल्या ‘क्लिनिकली टेस्टेड’ क्रीमवर विश्वास ठेवावा का?

तुमचा प्रश्न सांगलीच्या पार्लरमध्ये मिळालेल्या, वांगावरच्या क्रीमबद्दल आहे. ‘क्लिनिकली टेस्टेड’ म्हणजे कुणीतरी कुठेतरी तपासलं, एवढंच. किती जणांवर, किती आठवडे आणि मुख्य म्हणजे कशाशी तुलना करून? वीस बायकांना क्रीम लावून महिन्यानं “फरक वाटतो का?” विचारलं, तरी हे दोन शब्द छापता येतात. खऱ्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, एकाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं साधं क्रीम. कुणाला काय मिळालं हे शक्यतो रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही.

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून आहे, ऑनलाइन फुकट बघता येते. पण नोंद म्हणजे मान्यता नव्हे, हं.

आधी ट्यूबवरचे घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. आठवड्यात चेहरा उजळतो, म्हणून तर खपतं. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ, लाल, पुरळ, आणि बंद केलं की आग. घटकच छापलेले नसतील तर सरळ परत करा.

मिरज जवळच आहे, तिथे त्वचारोगतज्ज्ञांची वाण नाही. जाताना ट्यूब सोबत न्या.